मोझेलची सेंद्रिय रीसलिंग : या चुका टाळा

जर्मनीतील मोझेल नदीकाठच्या तीव्र उतारांवर, स्लेटच्या (पाटीच्या दगडाच्या) जमिनीत पिकणाऱ्या रीसलिंग द्राक्षाची पांढरी वाईन परदेशी असलेल्या नातेवाइकांकडून भेट म्हणून आपल्या घरांत येते, आणि तिच्याबाबत होणाऱ्या चुका मात्र घरोघरी त्याच असतात.

पहिली चूक म्हणजे तळाशी चमकणारे कण पाहून बाटली ओतून देणे. पुण्यातील परिचित गृहस्थांच्या जावयाने मोझेलकाठच्या ट्रियर शहरातून एका छोट्या सेंद्रिय उत्पादकाची बाटली आणली होती. ती आठवडाभर फ्रिजमध्ये राहिली, जेवणाच्या वेळी तळाशी साखरेसारखे कण दिसले, आणि कोणीतरी 'काच आहे' असे म्हणताच सासूबाईंनी ती मलमलच्या फडक्यातून गाळली व तरीही समाधान न झाल्याने अखेर सगळी मोरीत ओतली. जावईबापू बिचारे गप्प बसले. ती काच नव्हती. थंड प्रदेशात द्राक्षे सावकाश पिकत असल्याने त्यांतील आम्ल टिकून राहते, आणि बाटली गार झाली की चिंचेत असते तेच टार्टारिक आम्ल पोटॅशियमशी संयोग पावून स्फटिकरूपाने खाली बसते. मोठे कारखाने बाटल्या भरण्यापूर्वीच वाईन गोठणबिंदूच्या आसपास ठेवून हे स्फटिक काढून टाकतात किंवा सेल्युलोज गम घालून ते होऊच देत नाहीत. हा गम युरोपीय सेंद्रिय वाईनमध्ये चालत नाही, आणि छोटे उत्पादक बरेचदा पहिल्या उपायाच्याही वाटेला जात नाहीत. शंका वाटल्यास कण गरम पाण्यात टाकून पाहावा. स्फटिक विरघळतो, काच विरघळत नाही. मी बाटली आदल्या दिवशीच उभी ठेवतो, सावकाश ओततो आणि शेवटचा घोट बाटलीतच सोडतो. एवढाही धीर नसणाऱ्यांनी बिअर प्यावी.

दुसरा, मला अधिक चीड आणणारा गैरसमज म्हणजे सेंद्रिय बागेत फवारणीच होत नाही. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग समजावून सांगावी लागत नाही, आणि मोझेलच्या ओल्या उन्हाळ्यात हे दोन्ही रोग असतात. सेंद्रिय शेतकऱ्याला आंतरप्रवाही (झाडात शोषली जाणारी) बुरशीनाशके वर्ज्य असल्याने मुख्यतः तांबे व गंधक यांवर भिस्त ठेवावी लागते, आणि पाऊस ते धुऊन नेत असल्याने फवारण्या उलट वाढतात. युरोपीय संघात तांब्याची मर्यादा 7 वर्षांत हेक्टरी 28 किलो, म्हणजे सरासरी वर्षाला 4 किलो आहे. 2021 सारख्या पावसाळी वर्षी जर्मनीत अनेक सेंद्रिय उत्पादकांच्या घडांची डाऊनीने वाताहत केली. म्हणून किंमत पाहून नाक मुरडण्यापूर्वी, जिथे ट्रॅक्टर चढत नाही अशा उतारावर हे काम कसे होत असेल याचा विचार करावा.

'सेंद्रिय म्हणजे सल्फाइट (वाईन टिकवण्यासाठी घालतात ते गंधकाचे संयुग) नाही' हेही चूक आहे. युरोपीय नियमांत सुक्या, म्हणजे साखर जवळजवळ न उरलेल्या, पांढऱ्या सेंद्रिय वाईनला लिटरमागे 150 मिलिग्रॅमपर्यंत, तर साध्या वाईनला 200 पर्यंत मुभा आहे. अमेरिकेत मात्र 'ऑरगॅनिक वाईन' असे लिहायचे तर सल्फाइट घालता येत नाही, आणि घोळ बहुधा तिथूनच सुरू होतो.

लेबलावरील 'श्पेटलेजे' हा शब्द वाचून वाईन गोडच असेल असे ठरवू नये, कारण तो तोडणीच्या वेळच्या द्राक्षरसातील साखर सांगतो, बाटलीतील नव्हे. साखरेचेच अल्कोहोल होते, म्हणून मी अल्कोहोलचा आकडा पाहतो : 8-9 टक्के असेल तर गोडवा बहुधा शिल्लक असतो, 12 च्या पुढे वाईन बहुधा सुकी असते.

घाईने फ्रीझरमध्ये ठेवू नये आणि पेल्यात बर्फ तर टाकूच नये, कारण अति गारव्यात सुगंध दबतो. 8 ते 10 अंश पुरेसे आहेत. बुचाऐवजी फिरकीचे झाकण पाहून वाईन हलक्या दर्जाची समजू नये. जुन्या रीसलिंगला केरोसीनसारखा वास येतो म्हणून ती बिघडली असे मानू नये. श्रीखंडाबरोबर रीसलिंग देऊ नये, आंबट लागते. तिखट माशाबरोबर मात्र थोडी गोडसर बाटली जरूर काढावी. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन-चार दिवस चांगली राहते.