पत्र्यावर बाटली, पिण्याचं पाणी
रोज पाणी उकळायला सरपण पुरत नसेल, तर पाण्यातले जंतू मारायला ऊन वापरा. पारदर्शक, ओरखडे नसलेली एक-दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या. रंगीत नकोच. गढूळ पाण्यात आधी तुरटी फिरवा, निवळू द्या, मग गाळा. भरलेली बाटली वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी करून तोंडातून खाली बघा. अक्षरं वाचता आली पाहिजेत. मग पत्र्यावर आडवी ठेवा: कडक उन्हात 6 तास, निम्म्याहून जास्त आभाळ भरलेलं असेल तर सलग 2 दिवस. झड लागली की हा नाद सोडा, पाणी उकळाच. प्यायचंही त्याच बाटलीतून. माठात ओतलं की त्यात हात बुडतो आणि केलेलं सगळं वाया जातं. पाण्यातलं फ्लोराईड किंवा खारेपणा मात्र उन्हाने जात नाही.