चिडाच्या कोवळ्या मुळांवर ॲल्युमिनियमचा परिणाम कसा तपासावा

तापीकाठच्या काळ्या जमिनीचा सामू (आम्लता दाखवणारा pH; ७ च्या खाली आम्ल) बहुधा साडेसातच्या पुढे असतो. भूकवचात वजनाने सुमारे ८ टक्के असलेले ॲल्युमिनियम अशा जमिनीत खनिजांतच अडकून राहते. सामू ५ च्या खाली गेला की ते विरघळते आणि मुळांना घातक ठरते; १९८० च्या सुमारास जर्मनीतील स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची वने खंगू लागली, तेव्हा आम्लवर्षेबरोबर ॲल्युमिनियमकडेही संशयाने पाहिले गेले. जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यांना हा परिणाम पाहायचा असेल तर तो कुंडीतल्या मातीत नव्हे, द्रावणात पाहावा लागेल.

प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करावा, कारण इथल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात मुळे उष्णतेनेच खुंटतील. चिडाचे (पाइन या सूचिपर्णी वृक्षाचे) बी २४ तास भिजवून ओल्या वाळूत रुजत घालावे आणि मूळ एक-दोन सेंटिमीटर झाले की सारख्या लांबीची रोपे निवडावीत.

सर्वाधिक काळजी पाण्याची घ्यावी. आपल्याकडील विहिरीच्या व बोअरच्या जड पाण्यातील बायकार्बोनेट आम्ल शोषून घेते, सामू चढतो आणि ॲल्युमिनियमचा साका होऊन प्रयोग फसतो. म्हणून केवळ ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. एक लिटर पाण्यात ७३.५ मिलिग्रॅम कॅल्शियम क्लोराइड (डायहायड्रेट) घातल्यास ०.५ मिलिमोल (कणांच्या संख्येवरून पदार्थ मोजण्याचे एकक) कॅल्शियम मिळते. फॉस्फेट घालू नये, कारण ते ॲल्युमिनियमला बांधून टाकते. थोड्या दिवसांपुरता बियांतला साठा रोपाला पुरतो. ॲल्युमिनियम क्लोराइड हेक्साहायड्रेटचे २४१ मिलिग्रॅम म्हणजे लिटरला १ मिलिमोल, या हिशेबाने ०, ०.५, १ आणि २ मिलिमोलची द्रावणे करावीत. घरची तुरटी स्वस्त असली तरी तिच्यातील सल्फेट ॲल्युमिनियमची विषारी धार बोथट करते, म्हणून ती टाळावी.

ॲल्युमिनियम नसलेल्या द्रावणासह सर्वांचा सामू ४.२ वरच ठेवावा. ही अट माझ्या मते प्रयोगाचा कणा आहे, कारण ती पाळली नाही तर मूळ आम्लामुळे खुंटले की ॲल्युमिनियममुळे, हे कधीच सांगता येणार नाही. सामू रोज तपासावा, बरण्यांना काळा कागद गुंडाळावा आणि मत्स्यालयाच्या पंपाने हवा द्यावी.

मुळांची लांबी सुरुवातीला आणि नंतर दररोज मोजावी. परिणाम झालेले मूळ आखूड, जाड आणि तपकिरी दिसते, त्याला बाजूची मुळे कमी फुटतात. टोकाच्या काही मिलिमीटरांतच ॲल्युमिनियम पेशीभित्तिकेतील पेक्टिन या चिकट पदार्थाला चिकटून कॅल्शियमची जागा घेते व लांबी वाढणे थांबते. हे डोळ्यांनी पाहण्यासाठी टोके ०.२ टक्के हिमॅटॉक्सिलिन (एक रंगद्रव्य) आणि ०.०२ टक्के पोटॅशियम आयोडेटच्या द्रावणात १५ मिनिटे ठेवून धुवावीत. ॲल्युमिनियम जिथे साचले तिथे जांभळा रंग उतरतो. मात्र सूचिपर्णी वृक्षांपैकी अनेकांची सहनशक्ती बार्लीसारख्या पिकांपेक्षा जास्त असते आणि जंगलात मुळांभोवतीची कवकेही त्यांना जपतात, म्हणून १ मिलिमोलला फरक दिसला नाही तरी प्रयोग चुकला असे समजू नये.

उरलेले द्रावण मोरीत ओतू नये. त्यात चुन्याची निवळी थोडीथोडी घालून सामू ७ च्या आसपास आणावा, म्हणजे पावसाळ्यात तुरटी फिरवलेल्या पाण्यात होतो तसा पांढरट साका तळाशी बसतो. चुना फार झाल्यास तो पुन्हा विरघळतो, म्हणून इथेही सामू मोजूनच हात आवरावा.