सीसीपीएसमधून पैसे उभारताय? या चुका टाळा

लहान लिस्टेड कंपनीला बँक सहजी दारात उभी करत नाही. मग कोणीतरी सीसीपीएस, म्हणजे सक्तीने इक्विटीत रूपांतर होणारे प्रेफरन्स शेअर, सुचवतं: आधी प्रेफरन्स शेअर द्यायचे आणि जास्तीत जास्त १८ महिन्यांत त्यांचे इक्विटी शेअर करायचे. मार्ग चांगला आहे. पण कंपनी सेक्रेटरी म्हणून अशा फायली हाताळताना एक गोष्ट मला वारंवार दिसते. प्रवर्तक आणि गुंतवणूकदार आपसात भाव ठरवून मोकळे होतात, कॅलेंडर कोणी उघडतच नाही.

रूपांतराचा भाव आधीच पक्का करायचा असेल, तर इश्यूला मंजुरी देणाऱ्या भागधारकांच्या सभेच्या ३० दिवस आधीची तारीख ही रेलेव्हंट डेट, म्हणजे किमान भाव जिच्यावरून मोजतात ती तारीख. समजा, सभा ३० सप्टेंबर २०२५ ला होती. तीस दिवस मागे गेलं की ३१ ऑगस्ट येतो, तो रविवार. म्हणून तारीख सरकते शुक्रवारी, २९ ऑगस्टला. त्याआधीचे १० ट्रेडिंग दिवस मोजताना १५ ऑगस्ट आणि २७ तारखेची गणेश चतुर्थी वगळायची, म्हणजे मोजणी १३ ते २८ ऑगस्ट अशी होते. या १० दिवसांची आणि ९० ट्रेडिंग दिवसांची व्हॉल्यूमनुसार भावाची वेगवेगळी सरासरी काढा. जी जास्त, त्याखाली भाव जाऊ शकत नाही. एक दिवस इकडेतिकडे झाला तरी आकडा बदलतो आणि स्टॉक एक्सचेंजकडून विचारणा येते.

हे सूत्र नियमित व्यवहार होणाऱ्या शेअरचं. आधीच्या २४० ट्रेडिंग दिवसांत एकूण शेअर्सच्या १० टक्क्यांइतकीही उलाढाल नसेल, तर नोंदणीकृत मूल्यांकनकार लागतो. लहान कंपन्या नेमक्या इथेच अडकतात. एकाच गुंतवणूकदाराला इश्यूनंतरच्या भांडवलाच्या ५ टक्क्यांहून जास्त देणार असाल, तरीही मूल्यांकन अहवाल हवाच.

सगळ्यात जिव्हारी लागणारी चूक घरातून येते. एका कंपनीत प्रवर्तक स्वतः पैसे घालणार होते, नोटीसही तयार होती. डिपॉझिटरीची (डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थेची) यादी तपासताना दिसलं की त्यांच्या मेहुण्याने महिन्याभरापूर्वी थोडे शेअर विकलेत. त्याला बिचाऱ्याला काही कल्पनाच नव्हती. पण पत्नीचा भाऊ प्रवर्तक समूहात येतो, आणि रेलेव्हंट डेटच्या आधीच्या ९० ट्रेडिंग दिवसांत समूहातल्या एकानेही विक्री केली, तर सगळे प्रवर्तक अपात्र ठरतात. सभा पुढे ढकलावी लागली. तेव्हापासून मी आधी नातेवाइकांची यादी मागते, भावाचं नंतर बघते.

बाहेरच्या गुंतवणूकदारालाही हे लेखी कळवा. त्याचे जुने शेअर डीमॅटमध्ये हवेत, आणि रेलेव्हंट डेटपासूनच त्यांना लॉक-इन, म्हणजे विक्रीबंदी, लागतो. दुसऱ्या दिवशी त्याने काही विकलं, तर गेलं.

मेमोरँडममध्ये (कंपनीच्या मूळ दस्तऐवजात) अधिकृत भांडवल, म्हणजे शेअर काढायची कमाल मर्यादा, सगळं इक्विटीचंच आहे का, तेही पाहा. प्रेफरन्स शेअरसाठी जागा नसेल तर आधी ती दुरुस्ती करा, आणि रूपांतरानंतरच्या इक्विटीसाठीही जागा ठेवा.

वॉरंटसारखं (वॉरंट म्हणजे नंतर शेअर घेण्याचा हक्क) इथे २५ टक्के आत्ता, बाकी नंतर असं चालत नाही. वाटपाच्या वेळी पूर्ण रक्कम, तीही गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खात्यातून. सभेतल्या ठरावानंतर वाटपाला १५ दिवस. पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवा, आणि पुरवठादार कितीही मागे लागला तरी वाटप होऊन पीएएस-३ (वाटपाचं विवरणपत्र) दाखल होईपर्यंत त्यातला एक रुपयाही काढू नका.