बॅगेचा रंग कुडत्याला लागायचा, तो असा थांबवला

बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं चामडं रंग चटकन पितं, म्हणून खांद्याची बॅग त्याचीच शिवली. स्पिरिटमधला गडद तपकिरी रंग खडखडीत वाळला, तरी फिकट कुडत्यावर पट्ट्याचा डाग उमटायचाच. प्रश्न वाळण्याचा नव्हता. न मुरलेला रंग भुकटीसारखा वरच बसून राहतो, आणि त्यावर मेण चोळलं तर मेणातही उतरतो.

मग कोरड्या सुती फडक्याने घासत बसलो, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. कंटाळवाणं काम, पण खरी मेख इथेच आहे. त्यानंतर तेलाचा अगदी हलका हात दिला, रात्रभर तसंच ठेवलं आणि सकाळी स्पंजने ॲक्रिलिक फिनिशचे, म्हणजे रंग आत धरून ठेवणाऱ्या पारदर्शक लेपाचे, दोन पातळ हात मारले. जाड थर दुमडीवर तडकतो. ओला स्पंज पुन्हापुन्हा फिरवला तर रंगच उचलला जातो.

मांजरपाटाचं अस्तर सगळ्यात शेवटी. त्याआधी चामड्याच्या आतल्या, खरखरीत बाजूलाही फिनिश दिलं, नाहीतर पावसाळ्यात अस्तर रंगलंच म्हणून समजा. शिवणीची कड तेवढी कोरी ठेवली, कारण फिनिशवर अस्तर चिकटवायचं सोल्युशन नीट धरत नाही.