ब्रोशरवरचा ‘ताशी १५० किमी’: आयात पॅटिओ रूफ घेताना या चुका टाळा

पॅटिओ रूफ, म्हणजे अंगणात खांबांवर उभं केलेलं छत, वाऱ्याच्या किती वेगाला टिकलं पाहिजे? स्थानिक मानक ताशी ११० किमी मागतं, ब्रोशर १५० म्हणतं, आणि ऑर्डर निघून जाते. सगळ्यात महाग चूक इथेच होते, कारण हे दोन आकडे एकाच मापाचे असतीलच असं नाही.

युरोकोडमधला (युरोपच्या बांधकाम मानकांमधला) वाऱ्याचा मूळ वेग १० मिनिटांची सरासरी असतो. अमेरिकेचं एएससीई ७ आणि भारताचं आयएस ८७५ (भाग ३) ही मानकं मात्र ३ सेकंदांचा झोत धरतात. मोकळ्या मैदानात असा झोत त्या सरासरीच्या साधारण १.४ पट निघतो. म्हणजे सरासरीचे ११० झोताच्या भाषेत १५४ होतात आणि १५० वालं छत नापास ठरतं. उलट बाजूने चूक झाली तर छत गरजेपेक्षा जड येतं, एवढंच.

मानकाची आवृत्तीही बघा. एएससीई ७ च्या २०१० च्या आवृत्तीत साध्या इमारतींसाठी ५० ऐवजी ७०० वर्षांच्या पुनरावृत्तिकाळाचा (सरासरी इतक्या वर्षांत एकदा येणारा) वेग आला. त्यामुळे बऱ्याच भागांत ताशी ९० मैलांचे ११५ झाले. वारा वाढला नव्हता, भार-गुणक, म्हणजे सुरक्षिततेसाठी वाऱ्याच्या भाराला ज्याने गुणतात तो आकडा, १.६ वरून १ वर आणला होता. नवा वेग घेऊन जुना गुणक लावला की सुरक्षितता दोनदा मोजली जाते, आणि जुना वेग घेऊन गुणक विसरला की एकदाही नाही.

भूभागाच्या वर्गात, म्हणजे जागा वाऱ्याला किती उघडी आहे हे सांगणाऱ्या खुणेत, तर हमखास गफलत होते. युरोकोडमध्ये ० म्हणजे समुद्रकिनारा आणि ४ म्हणजे दाट शहर. एएससीईत बी म्हणजे वस्ती आणि डी म्हणजे सर्वात उघडी जागा. क्रम उलटा आहे.

कापडी ऑनिंगचा (गुंडाळता येणाऱ्या छपराचा) ‘वर्ग ३’ पक्क्या छताला लावू नका. युरोपीय इएन १३५६१ मधला हा वर्ग वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या ब्यूफोर्ट श्रेणीत साधारण ६ चा, म्हणजे ताशी ५० किमीच्या आतला. त्यापुढे ऑनिंग गुंडाळून ठेवायची असते. छत गुंडाळता येत नाही.

माझं मत विचाराल तर वेगावर वाद घालूच नका, दाब मागा. दाब (न्यूटन प्रति चौ.मी.) = ०.६ × वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. ४० मी./से.ला ९६० न्यूटन, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ९८ किलो. १२ चौ.मी. छताला, दाबगुणक (छताच्या आकारानुसार दाबाला ज्याने गुणतात तो आकडा) १ धरला तरी, जवळजवळ १,१७५ किलोंची वर उचलणारी ओढ. ॲल्युमिनियम-पॉलिकार्बोनेटच्या छताचं स्वतःचं वजन त्याच्या पासंगालाही पुरत नाही. उरलेलं सगळं अँकर बोल्ट आणि पायाने धरायचं. फरशीत ठोकलेला बोल्ट इथे कामाचा नाही.

पुरवठादाराला एवढं विचारा: हा आकडा कोणत्या मापाच्या छताचा, किती खांबांचा, लूव्हर (छतातल्या फिरणाऱ्या पट्ट्या) उघडे की बंद, बाजूचे पडदे खाली सोडलेले की वर? पडदे सोडले की वाऱ्याचं गणितच बदलतं. उत्तरात नुसतं प्रमाणपत्र आलं, गणनापत्रक नाही, तर स्थानिक स्ट्रक्चरल इंजिनिअरने नव्याने गणित केल्याशिवाय पैसे भरू नका.