तैवानमध्ये खायचं कसं: सकाळच्या सोयादुधापासून रात्रबाजारापर्यंत

तैवानला जाणारे बहुतेक जण 'हे खाल्लंच पाहिजे' अशा पंधरा-वीस पदार्थांची यादी घेऊन निघतात आणि पहिल्याच रात्रबाजारात तिसऱ्या ठेल्यावर पोट भरून हॉटेलवर परततात. तिथे यादीपेक्षा घड्याळ सांभाळलेलं बरं. सकाळचं खाणं वेगळं, दुपारचं वेगळं आणि रात्रीचं तर साफ वेगळं.

पायरी १: आपण काय खातो ते आधी ठरवा

तिथलं सगळ्यात नावाजलेलं जेवण म्हणजे बीफ नूडल सूप. ज्यांना गोमांस चालत नाही त्यांनी नूडल्सच्या दुकानात शिरण्याआधीच विचारावं. मांसाचे तुकडे बाजूला काढून भागत नाही, रस्साच त्याचा असतो. 'लू रौ फान' म्हणजे सोया सॉसमध्ये शिजवलेलं डुकराचं मांस घातलेला भात. तो रोजच्या खाण्यातला आणि स्वस्त.

शाकाहारी मंडळींनी मात्र घाबरू नये. पूर्व आशियात शाकाहाऱ्याची एवढी सोय क्वचितच सापडेल. बौद्ध परंपरेमुळे शाकाहारी खाणावळी गावोगाव आहेत आणि अनेकींच्या पाटीवर चक्क स्वस्तिक असतं, फक्त आपल्यापेक्षा उलट्या दिशेने वळलेलं. पाकीटबंद पदार्थांवर शाकाहाराचे पाच प्रकार छापतात: शुद्ध वनस्पतिजन्य, अंड्याचा, दुधाचा, दूध-अंड्याचा आणि लसूण-कांदापात वगैरे असलेला वनस्पतिजन्य. म्हणजे अंडं त्यांच्या हिशेबात शाकाहारात बसू शकतं. आपण सहसा पहिला किंवा तिसरा प्रकार शोधायचा. लसूण-कांदा न खाणाऱ्या जैन प्रवाशांना पहिला प्रकार बराचसा सोयीचा, पण त्यात बटाटा-गाजर वर्ज्य नसतं. पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराची नावं हॉटेलच्या स्वागतकक्षातून चिनी लिपीत लिहून घ्या आणि फोनमध्ये ठेवा. उच्चारावर विसंबू नका, सूर चुकला की अर्थ बदलतो.

पायरी २: न्याहारी बाहेर करा

हॉटेलची न्याहारी फुकट असली तरी एखादा दिवस ती सोडाच. कोपऱ्यावरच्या सोयादुधाच्या दुकानात पहाटेपासून गर्दी असते. गरम किंवा गार गोड सोयादूध आणि त्यात बुडवून खायला 'यौ-थियाओ', म्हणजे तळलेल्या मैद्याची लांब, पोकळ कांडी. शाकाहाऱ्यांनी खारं सोयादूध मागवण्याआधी थांबावं. वाडग्यात व्हिनेगर घालून वरून उकळतं दूध ओतलं की ते फाटून दाटसर होतं. चवीला झकास, पण त्यात बहुधा सुकी कोळंबी असते. 'दान-बिंग' ही पातळ पोळी अंड्याची.

पायरी ३: दुपारी वजनावर जेवा

शाकाहारी बुफे खाणावळीत डबा घ्यायचा, मांडलेल्या भाज्या, टोफू, मश्रूम हवे तेवढे भरायचे आणि काट्यावर ठेवायचे. वजनावर पैसे, भात वेगळा. तिथे मटणासारखं काही दिसलं तर दचकू नका, ते सोया किंवा गव्हाच्या प्रथिनांचं असतं. मात्र अशा नकली मांसात कधीकधी अंड्याचा पांढरा भाग असतो, एवढं विचारून घ्या. बऱ्याच छोट्या हॉटेलांत टेबलावर कागदी मेन्यू आणि पेन्सिल असते. हव्या त्या पदार्थासमोर खूण करून कागद गल्ल्यावर द्यायचा. टिप ठेवायची पद्धत नाही.

पायरी ४: चहा सांगायला शिका

बबल टी इथलाच, 1980च्या दशकातला. त्यातले काळे मऊ मोती टॅपिओकाच्या स्टार्चचे, म्हणजे आपल्या साबुदाण्याचंच मूळ. उपवासाला चालतो का, हे ज्याचं त्याने ठरवावं! दुकानात आधी साखर किती ते विचारतात, मग बर्फ किती. पूर्ण साखर आपल्यालाही जड जाते. अर्धी साखर, कमी बर्फ हे प्रमाण माझ्या मते उत्तम. पेल्यावर यंत्राने प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटवून देतात. जाड स्ट्रॉचं तिरकं टोक त्यात एका फटक्यात खुपसायचं. हळूहळू दाबत बसलात तर चहा अंगावर.

पायरी ५: रात्रबाजार, आणि तिथेच वेळ द्या

संध्याकाळी सहाच्या सुमारास, अर्धं पोट रिकामं ठेवून जा. सुरुवात तैपेईतल्या राओहपासून करावी: सोंगशान स्थानकाजवळ, देवळाशेजारी सुरू होणारी एकच सरळ गल्ली, त्यामुळे चुकायला होत नाही. निंगशिआ आकाराने लहान, पण खाण्यासाठीच ओळखला जातो. शिलिन प्रसिद्ध असला तरी त्यासाठी शिलिन स्थानकावर उतरू नका, जिआनतान जवळ पडतं. ताइनान शहरातला गार्डन रात्रबाजार गुरुवार, शनिवार आणि रविवार एवढाच भरतो.

आधी पूर्ण गल्ली एकदा चालून घ्या, मग घ्यायला लागा. एका वेळी एकच पदार्थ, तोही दोघा-तिघांत वाटून. रोख पैसे सुटे ठेवा. बहुतेक गोष्टी 50 ते 100 तैवानी डॉलरच्या आसपास मिळतात, एका डॉलरचे साधारण तीन रुपये धरा.

मांसाहाऱ्यांनी राओहमध्ये मिरीचा पाव चुकवू नये. डुकराचं मांस आणि कांदापात भरलेले गोळे मातीच्या उभट भट्टीच्या आतल्या भिंतीला चिकटवून भाजतात. पहिला घास घेताना आतला उकळता रस जिभेवर येतो, तेव्हा दोन मिनिटं दम धरा. कालवांचं ऑम्लेट रताळ्याच्या पिठामुळे बुळबुळीत लागतं. मला ते फारसं भावलं नाही, पण तिथे त्यावर जीव टाकणारे आहेत.

शाकाहाऱ्यांसाठी दोन गोष्टी खास. रताळ्याचे गोळे तळताना विक्रेता झाऱ्याने ते कढईत पुन्हा पुन्हा दाबतो आणि सोडतो. दर दाबाबरोबर ते फुगत जातात आणि शेवटी आतून पोकळ होतात. दुसरी गोष्ट शेंगदाणा-आइस्क्रीमची गुंडाळी: चिक्कीसारखा भलामोठा ठोकळा सुताराच्या रंध्याने तासायचा, तो कीस पातळ पोळीवर पसरायचा, वर आइस्क्रीमचे गोळे आणि चक्क कोथिंबीर. कोथिंबीर काढायला सांगू नका, सगळी गंमत तिचीच आहे.

तळलेल्या चिकनच्या ठेल्यावर भाज्याही मिळतात, पण त्याच तेलात तळलेल्या. वास मारणाऱ्या टोफूची खारवणी पारंपरिक पद्धतीत मासे-कोळंबी घालून केलेली असू शकते, शाकाहारी हवी तर तशी पाटी बघा. पहिल्यांदा खात असाल तर तळलेला घ्या, सोबत आंबवलेली कोबी असते. वास जेवढा घाबरवतो तेवढी चव घाबरवत नाही.

पायरी ६: मेट्रोत शिरताना तोंड बंद

तैपेई मेट्रोत खाणं-पिणं बंद, पाणीही नाही आणि च्युइंगगमही नाही. दंड 1,500 पासून 7,500 तैवानी डॉलरपर्यंत जातो. अर्धा राहिलेला चहा आत येण्याआधी संपवा किंवा पिशवीत घट्ट बंद करून ठेवा.

पायरी ७: घरी न्यायला

अननसाचे केक सगळे नेतात, पण दुकानात दोन प्रकार असतात. जुन्या पद्धतीत अननसात कोहळा मिसळतात, सारण गोड आणि मऊ लागतं. निव्वळ अननसाचा प्रकार आंबटसर आणि दोरेदार, मला तोच पसंत. अंडं दोन्हींत बहुधा असतंच, म्हणून खोक्यावर शाकाहाराचा कोणता प्रकार छापलाय ते बघूनच घ्या.