स्लॉट घेतला, पण गेलोच नाही: डिलिव्हरीच्या कामात या चुका टाळा

डिलिव्हरीच्या कामात मर्जी आपली असते, ती स्लॉट बुक करेपर्यंत. संध्याकाळी 7 ते 11 चा स्लॉट घेतला की त्या झोनमधल्या रायडरांत तुमची गिनती झाली. न कळवता गेला नाहीत तर नो-शो, म्हणजे गैरहजेरीची नोंद, लागतो. त्या दिवसाचा इन्सेन्टिव्ह जातो, पुढे चांगले स्लॉट उघडेपर्यंत भरून गेलेले असतात आणि पुन्हा पुन्हा झालं तर थेट आयडीवर, म्हणजे ॲपमधल्या तुमच्या खात्यावर, बेततं. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे आणि ते बदलतही राहतात, त्यामुळे आपल्या ॲपमधले एकदा नीट वाचाच. चुका मात्र सगळीकडे त्याच होतात.

दिसतायत म्हणून घेऊन ठेवणं

आठवड्याचे स्लॉट उघडले की घाईघाईने सगळे भरायचे, नाही जमलं तर बघू. नो-शोचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. पुण्यात पेठांमध्ये राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी कितीतरी मुलं हे काम करतात आणि परीक्षेच्या आठवड्यातही नेहमीचेच स्लॉट धरून ठेवतात. बुक करण्याआधी कॅलेंडर बघा. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता वाहतुकीला बंद असतात. त्या दिवशी त्या भागातला स्लॉट न घेतलेलाच बरा.

टीएलला मेसेज टाकला म्हणजे झालं, असं समजणं

टीम लीडर चांगला माणूस असेल, "ठीक आहे" म्हणेलही. पण हजेरी ॲप लावतं, आणि ॲपला तुमचा व्हॉट्सॲप मेसेज दिसत नाही. आधी ॲपमधून स्लॉट रद्द करा, मग टीएलला कळवा. गावाहून अचानक फोन आला, ताप भरला, तरी रद्द करायला अर्धा मिनिट लागतो. पावसाचंही तेच. पाऊस आहे, समजून घेतील, असं धरून घरी बसू नका. नेमक्या त्याच वेळी ऑर्डरी वाढतात. रस्ता धोक्याचा वाटला तर जाऊ नका, जिवापेक्षा स्लॉट मोठा नाही, पण रद्द करून घरी बसा.

मित्राला आयडी देणं

ही चूक सगळ्यांत महाग पडते, म्हणून जरा स्पष्टच सांगतो. "माझ्या आयडीवर तू आज चालव" यात दोघांनाही काही वावगं वाटत नाही. पण ॲप मध्येच सेल्फी मागतं, चेहरा जुळला नाही की आयडी ब्लॉक होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे मित्राचा अपघात झाला तर विमा तुमच्या नावावर असतो, त्याच्या नाही. दवाखान्याचं बिल त्याच्या घरच्यांच्या गळ्यात पडतं. नो-शो त्यापुढे काहीच नाही.

गेलो होतो, तरी नो-शो लागला

फोनचा बॅटरी सेव्हर ॲप मागच्या मागे बंद करतो आणि तुम्ही ऑफलाइन दिसता. सेटिंगमध्ये त्या ॲपपुरतं बॅटरीचं बंधन काढा, लोकेशन कायम चालू ठेवा. झोनच्या हद्दीबाहेरून लॉगिन होत नाही, म्हणून दहा मिनिटं आधी पोचा. तरीही ॲप अडलं तर तिथेच स्क्रीनशॉट काढा, ज्यात वेळ आणि नकाशा दोन्ही दिसतील.

भांडायचं कशाच्या जोरावर?

सामाजिक सुरक्षा संहिता 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात गिग कामगाराची, म्हणजे आपल्यासारखं सुटं काम करणाऱ्याची, व्याख्या आहे, पण ती नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेरचा माणूस अशी. त्यामुळे पगारी रजेचा हक्क मागता येत नाही. कर्नाटकाच्या 2025 च्या गिग कामगारांच्या कायद्यात, कंपनीला रायडरचं काम बंद करण्याआधी कारणासह 14 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बेळगावात काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. असं संरक्षण प्रत्येक रायडरला मिळायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तोवर हातातलं हत्यार म्हणजे सपोर्टचं तिकीट, म्हणजे कंपनीच्या मदत विभागाकडे केलेली लेखी तक्रार. त्याच दिवशी टाका. रागाने लिहू नका, तारीख, स्लॉट, झोन, काय अडलं, आणि पुरावा एवढंच द्या: "14 तारखेचा 7 ते 11 चा स्लॉट. 6.50 ला झोनमध्ये होतो. लॉगिन होत नव्हतं. स्क्रीनशॉट जोडला आहे. नो-शो काढावा." आजारपण असेल तर डॉक्टरची चिठ्ठी जोडा आणि तिकीट नंबर जपून ठेवा. उत्तर साचेबद्ध आलं तर त्याच नंबरवर पुन्हा लिहा, नवं तिकीट काढू नका.